गुढीपाडवा, ३१ मार्च आणि डेटा क्यूब : व्यवसायाच्या अहवालात काळ कसा मांडावा

समजा, पुणे, कोल्हापूर, नाशिक आणि पणजी अशा चार ठिकाणी दुकाने असलेला घरगुती उपकरणांचा एक विक्रेता आहे. त्याला दर महिन्याला तेच तीन-चार प्रश्न पडतात : या तिमाहीत कोणत्या दुकानातून किती फ्रिज गेले, मागील वर्षी याच कालावधीत किती गेले होते, आणि चालू आर्थिक वर्षात आजअखेर एकूण विक्री किती झाली. बिले संगणकात असतातच. परंतु प्रत्येक प्रश्नासाठी लाखो बिले नव्याने चाळण्यापेक्षा ती माहिती वस्तू, ठिकाण आणि काळ अशा अक्षांवर आधीच लावून ठेवली, तर हवा तो छेद क्षणात घेता येतो. या मांडणीला डेटा क्यूब म्हणतात. अक्षांना डायमेन्शन म्हणतात, आणि अक्ष जिथे मिळतात तिथे बसलेल्या रक्कम, नग, शिल्लक साठा अशा आकड्यांना मेझर म्हणतात. अक्ष तीनच असतात असे नाही; ग्राहकाचा प्रकार, पैसे भरण्याची पद्धत, विक्री करणारा कर्मचारी असे दहा-बारा अक्ष असलेले क्यूब रोजच्या वापरात आहेत.

रिलेशनल डेटाबेसची, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या टेबलांत माहिती ठेवण्याची, संकल्पना १९७० मध्ये मांडणारे एडगर कॉड यांनीच १९९३ मध्ये या प्रकारच्या विश्लेषणाला ‘ओलॅप’ (ऑनलाइन अ‍ॅनालिटिकल प्रोसेसिंग) हे नाव दिले. त्याआधीच, १९९२ मध्ये, एसबेस हे क्यूब बनवणारे उत्पादन बाजारात आले होते, आणि १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टने एसक्यूएल सर्व्हर या आपल्या डेटाबेसबरोबर ओलॅपची सेवा देण्यास सुरुवात केल्यावर मध्यम आकाराच्या कंपन्यांनाही क्यूब परवडू लागले. साधने पुढे बदलत गेली. आज बहुतेकांची गाठ पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या अहवाल बनवण्याच्या साधनाशी पडते. काळाचा अक्ष मात्र या सर्वांत कायम आहे, आणि अहवालातील गंभीर चुका सर्वाधिक याच अक्षावर होतात, असे माझे मत आहे.

याचे कारण असे की वस्तूंची आणि दुकानांची यादी धंद्याला स्वतः बनवावी लागते, त्यामुळे तिच्यावर विचार होतो. तारीख आयती मिळते. बिलावर ती छापलेलीच असते, संगणकाला तिच्यातून वर्ष आणि महिना काढता येतो, मग वेगळे काही करायचे कशाला, असे वाटते. परंतु आर्थिक वर्ष, तिमाही, आठवडा, हंगाम आणि कामाचा दिवस या गोष्टी तारखेतून आपोआप निघत नाहीत. त्या कायद्याने, हिशेबनीसाने, पंचांगाने किंवा मालकाने ठरवलेल्या असतात. असा निर्णय प्रत्येक अहवालाच्या सूत्रात लपवण्यापेक्षा एका टेबलात उघडपणे लिहून ठेवावा, हे काळाच्या डायमेन्शनमागचे मुख्य तत्त्व आहे.

तारखांचे टेबल

हे टेबल दिसायला अगदी साधे असते. प्रत्येक दिवसाला एक ओळ, आणि त्या ओळीत त्या दिवसाविषयी व्यवसायाला जे जे विचारावेसे वाटेल ते सर्व. १ एप्रिल २०१५ पासून ३१ मार्च २०३५ पर्यंतची वीस आर्थिक वर्षे घेतली, तर पाच लीप दिवस धरून फक्त ७,३०५ ओळी होतात. कोट्यवधी बिलांच्या तुलनेत हा आकार नगण्य आहे, म्हणून कॉलम वाढवताना हात आखडता घेण्याचे कारण नाही. ओळीची ओळख म्हणून बहुधा २०२४०४०१ अशा स्वरूपाचा पूर्णांक वापरतात, कारण तो वाचताही येतो आणि क्रमानेही लागतो. प्रत्येक बिलाच्या ओळीत हाच पूर्णांक असतो आणि त्यामार्फत बिल काळाशी जोडले जाते.

टेबलात दिवस सलग असले पाहिजेत. ज्या दिवशी विक्री झाली नाही तो दिवसही त्यात हवा, कारण मागचा दिवस, मागचा महिना किंवा मागील वर्षाचा हाच काळ शोधणारी सूत्रे सलग क्रमावर विसंबून असतात. बिलांमधून तारखा वेचून हे टेबल बनवण्याचा मोह अनेकांना होतो. मग रविवार आणि सुट्ट्या गायब होतात, आणि अहवाल वरकरणी ठीक दिसत असतानाच तुलना एकेक दिवसाने सरकत जाते.

दिवसांवर महिना, महिन्यांवर तिमाही, त्यावर सहामाही आणि सर्वांत वर वर्ष, अशी उतरंड रचली जाते. एकूण आकड्यावरून तिमाहीत, तिमाहीतून महिन्यात आणि महिन्यातून दिवसात उतरता येण्याची सोय या उतरंडीमुळे मिळते. रचताना पहिली चूक होते ती महिन्याच्या नावाची. ‘मार्च’ हे नाव प्रत्येक वर्षी येते. त्यालाच ओळख मानले, तर क्यूबला सगळ्या वर्षांचे मार्च एकच वाटतात. म्हणून महिन्याची ओळख ‘मार्च २०२५’ अशी वर्षासह ठेवावी लागते. महिन्यांचा क्रमही स्वतंत्र कॉलममध्ये आकड्यांत द्यावा लागतो, अन्यथा ते अकारविल्हे लागतात आणि तक्त्यात जानेवारीनंतर जुलै येतो. आर्थिक वर्षाच्या अहवालासाठी या क्रमात एप्रिलला १ आणि मार्चला १२ असले पाहिजे.

भारतात कंपनी कायदा, २०१३ नुसार कंपन्यांचे आर्थिक वर्ष सर्वसाधारणपणे ३१ मार्चला संपते. बहुतेक आयात साधने मात्र वर्ष जानेवारीत सुरू होते असे गृहीत धरतात. पॉवर बीआयमध्ये तारखांचे टेबल दिले नाही, तर ते पडद्याआड स्वतःचे टेबल बनवते आणि त्यात जानेवारी ते डिसेंबर असेच वर्ष असते. डॅक्स या पॉवर बीआयच्या सूत्रांच्या भाषेत वर्षारंभापासून आजअखेरची बेरीज काढणाऱ्या सूत्राला वर्षअखेरची तारीख सांगितली नाही, तर ते ३१ डिसेंबर मानते. एमडीएक्स या क्यूबसाठीच्या जुन्या भाषेतही अशा बेरजेचे छोटे सूत्र उतरंडीतील ‘वर्ष’ या पातळीवर अवलंबून असते. ती पातळी कॅलेंडर वर्षाची असेल, तर जूनअखेरच्या आकड्यात जानेवारी ते मार्चची विक्रीही मिसळते. आकडा मोठा आणि आनंददायक दिसतो, म्हणून तो तपासण्याचे कोणाला सुचत नाही.

सुदैवाने आपले आर्थिक वर्ष महिन्याच्या पहिल्या तारखेला सुरू होते. त्यामुळे महिना हा सांधा ठरतो : त्याच्यावर एकीकडे कॅलेंडर वर्षाची आणि दुसरीकडे आर्थिक वर्षाची उतरंड उभी करता येते, आणि दोन्ही बाजूंची बेरीज चोख जुळते. साखर कारखान्यांना तर तिसरी उतरंडही लागते. साखर हंगाम १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर असा मोजला जातो आणि उसाची एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर) हंगामानुसार ठरते. ताळेबंद मात्र ३१ मार्चला होतो. ऐन गाळपाच्या दिवसांतच आर्थिक वर्ष संपत असल्याने ‘या वर्षी किती ऊस गाळला’ या प्रश्नाला दोन बरोबर उत्तरे असतात, आणि अहवालाच्या मथळ्यावर ‘हंगाम’ की ‘आर्थिक वर्ष’ हे स्पष्ट छापलेले नसेल, तर बैठकीतला वेळ त्या वादातच जातो. दूध संघांची दहा दिवसांची बिले, म्हणजे १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर, मात्र महिन्यात नीट बसतात. त्यांतला तिसरा तुकडा ८ ते ११ दिवसांचा असतो, तेवढी दैनिक सरासरी काढताना काळजी घ्यावी लागते.

आठवडा मात्र कशातच बसत नाही. बावन्न आठवड्यांचे ३६४ दिवस होतात; उरलेला एक किंवा दोन दिवस साचत साचत काही वर्षांनी त्रेपन्नावा आठवडा तयार करतात. आयएसओ ८६०१ या प्रमाणानुसार आठवडा सोमवारी सुरू होतो आणि ज्या आठवड्यात वर्षातील पहिला गुरुवार येतो तो पहिला आठवडा. त्या हिशेबाने ३१ डिसेंबर २०२४ हा मंगळवार २०२५ च्या पहिल्या आठवड्यात जातो, आणि १ जानेवारी २०२१ हा शुक्रवार २०२० च्या त्रेपन्नाव्या आठवड्यात. म्हणून आठवड्याला महिन्याच्या पोटात घालू नये. ‘आठवड्याचे वर्ष’ असा वेगळा कॉलम करून त्याची स्वतंत्र उतरंड ठेवावी. अनेक अहवालांत आठवडे महिन्याच्या सीमेवर कापून दोन दिवसांचा आणि पाच दिवसांचा ‘आठवडा’ दाखवतात, आणि मग त्या दोन दिवसांच्या विक्रीची घसरण पाहून कर्मचाऱ्यांना जाब विचारला जातो.

पाडवा कोणत्या वर्षात?

आपल्याकडील व्यवसायाला काळाचा खरा पेच पडतो तो सणांमुळे. दुचाकी, सोने, टीव्ही, फ्रिज यांच्या खरेदीसाठी लोक मुहूर्त पाहतात. मुहूर्त तिथीने ठरतो, आणि तिथी इंग्रजी तारखेशी बांधलेली नाही. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने सण दर वर्षी अकराएक दिवस अलीकडे सरकतात आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे ढकलले जातात. दिवाळीचे उदाहरण घ्या. महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला आणि २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला झाले. साहजिकच २०२३ च्या ऑक्टोबरशी २०२४ च्या ऑक्टोबरची तुलना केली तर विक्री उसळलेली दिसेल, नोव्हेंबरची केली तर कोसळलेली दिसेल, आणि प्रत्यक्षात कदाचित दोन्हींपैकी काहीच झालेले नसेल. दिवाळीच्या बाबतीत निदान तिमाही तरी वाचवते, कारण ऑक्टोबर-डिसेंबरच्या बाहेर ती जात नाही.

पितृपक्षाला ती सवलत नाही. २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे तो सप्टेंबरच्या अगदी शेवटी सुरू होऊन १४ ऑक्टोबरपर्यंत चालला, म्हणजे मंदीचे ते पंधरा दिवस जवळजवळ पूर्णपणे तिसऱ्या तिमाहीत गेले. २०२४ मध्ये तो २ ऑक्टोबरला संपला, म्हणजे तोच काळ दुसऱ्या तिमाहीत आला. दोन वर्षांच्या दुसऱ्या तिमाहीची तुलना करताना ही गोष्ट टेबलात नसेल, तर घसरणीचे कारण दुकानाच्या कामगिरीत शोधले जाईल.

गुढीपाडवा तर त्याहून खट्याळ आहे. तो मार्चचा उत्तरार्ध आणि एप्रिलचा पूर्वार्ध यांच्यामध्ये फिरतो, आणि आर्थिक वर्षाची सीमा नेमकी त्याच पट्ट्यात आहे. २०२२ चा पाडवा २ एप्रिलला होता आणि २०२३ चा २२ मार्चला. म्हणजे २०२२-२३ या आर्थिक वर्षात दोन पाडवे आले. पुढचा पाडवा ९ एप्रिल २०२४ ला आल्यामुळे २०२३-२४ मध्ये एकही आला नाही. त्यापुढचा ३० मार्च २०२५ ला, म्हणून २०२४-२५ मध्ये पुन्हा दोन. २०२५-२६ मध्ये १९ मार्च २०२६ चा एकच, आणि त्यानंतरचा ७ एप्रिल २०२७ ला असल्याने २०२६-२७ हे वर्ष पुन्हा पाडव्याविनाच जाणार. आता आपल्या विक्रेत्याच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालात ‘फ्रिजच्या विक्रीत घट’ अशी ओळ आली, तर तिचा अर्थ कसा लावायचा? आणि २०२४-२५ मध्ये झालेल्या ‘भरघोस वाढी’चे श्रेय नव्या व्यवस्थापकाला द्यायचे की पंचांगाला?

यावर उपाय अवघड नाही, फक्त तो आधी करून ठेवावा लागतो. तारखांच्या टेबलात प्रत्येक दिवसासमोर जवळच्या मोठ्या सणाचे नाव आणि त्या सणापासूनचे अंतर लिहावे : पाडव्याच्या आदल्या दिवशी उणे १, पाडव्याला ०, दुसऱ्या दिवशी १. मग उणे ९ ते ० या अंतराची विक्री मागितली की पाडव्यापर्यंतचे दहा दिवस समोर येतात, मग ते मार्चमध्ये असोत वा एप्रिलमध्ये, आणि कोणत्याही दोन वर्षांची तुलना न्याय्य होते. शिवाय आर्थिक वर्षाच्या बेरजेशेजारी ‘या वर्षातील पाडवे’ असा साधा आकडा ठेवला, तर वाचणाऱ्याला खुलासा विचारावा लागत नाही. हे कॉलम कोणतेही सूत्र भरून देणार नाही. दर वर्षी पंचांग पाहून ते माणसानेच भरायचे असतात, आणि ते काम संगणक विभागाकडे न देता विक्री विभागाकडे द्यावे, कारण चुकीचा मुहूर्त त्यांच्या नजरेला लगेच टोचतो.

इथे आणखी एक बारकावा आहे. सण आणि सुट्टी या केवळ तारखेच्या गोष्टी नाहीत, त्या तारीख आणि प्रदेश यांच्या जोडीच्या आहेत. २०२४ मध्ये महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला असले, तरी उत्तर भारतात अनेक ठिकाणी ते ३१ ऑक्टोबरला झाले. ३ डिसेंबरला सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्तासाठी आणि १९ डिसेंबरला गोवा मुक्तिदिनासाठी पणजीचे दुकान बंद असेल. पुण्याचे त्या दिवशी सुरूच असते. तारखांच्या टेबलात ‘सुट्टी : होय / नाही’ असा एकच कॉलम ठेवला, तर तो चारपैकी कोणत्या ना कोणत्या दुकानाच्या बाबतीत खोटा ठरेल. म्हणून तारीख आणि राज्य यांच्या जोडीचे छोटे टेबल वेगळे ठेवतात. बँकांच्या बाबतीत तर सुट्टीचा नियमही मध्येच बदललेला आहे : दुसरा आणि चौथा शनिवार बंद ठेवण्याची पद्धत १ सप्टेंबर २०१५ पासून सुरू झाली, त्यामुळे त्याआधीच्या शनिवारांना तो नियम मागे नेऊन लावता येत नाही.

लीप वर्षाचे मात्र दोन वाक्यांत आटोपते. फेब्रुवारी २०२४ मध्ये फेब्रुवारी २०२५ पेक्षा एक दिवस जास्त होता, म्हणजे रोजची विक्री तंतोतंत तीच राहिली, तरी २०२५ चा महिना सुमारे साडेतीन टक्के उणा दिसेल. कालावधीतील दिवसांची संख्या कॉलममध्ये असली की दैनिक सरासरीवर तुलना करता येते.

बेरीज कुठे चालते, कुठे नाही

विक्रीची रक्कम कोणत्याही अक्षावर मिळवता येते. पुण्याची आणि नाशिकची मिळवा, एप्रिलची आणि मेची मिळवा, अर्थ शाबूत राहतो. शिल्लक साठ्याचे तसे नाही. पुण्याच्या दुकानात २८ जूनला ४०, २९ जूनला ३८ आणि ३० जूनला ३५ फ्रिज शिल्लक असतील, तर तीन दिवसांचे मिळून ११३ फ्रिज शिल्लक आहेत असे कोणी म्हणणार नाही. क्यूबला मात्र सांगितले नाही, तर तो हेच म्हणतो. साठा ठिकाणांवर मिळवता येतो, काळावर नाही. काळावर त्याची अखेरची नोंद घ्यायची असते, म्हणजे जूनअखेरचा आणि त्याच न्यायाने पहिल्या तिमाहीअखेरचा साठा ३५. बँकेतील शिल्लक, येणे बाकी, कर्मचाऱ्यांची संख्या, गोठ्यातील जनावरे या सर्वांना हाच नियम लागू पडतो.

अखेरची नोंद घेणेही वाटते तितके सरळ नाही. ३० जून २०२४ ला रविवार होता. समजा कोल्हापूरचे दुकान रविवारी बंद असते, म्हणून तिथली शेवटची नोंद २९ जूनची आहे आणि तिच्यात २२ फ्रिज आहेत. पुण्याचे दुकान सुरू होते आणि तिथे ३० जूनला ३५ आहेत. क्यूबला ‘महिन्याचा शेवटचा दिवस’ मागितला, तर कोल्हापूर रिकामे येईल. म्हणून बहुतेक जण ‘शेवटची भरलेली नोंद’ असा पर्याय निवडतात. स्वतंत्रपणे पाहिले की पुणे ३५ आणि कोल्हापूर २२ दिसते, सर्वांचे समाधान होते. परंतु दोन्हींची एकत्र बेरीज मागितल्यावर क्यूब एकत्रित पातळीवर शेवटचा भरलेला दिवस शोधतो. तो ३० जून निघतो, त्या दिवशी कोल्हापूरची नोंद नसते, आणि एकूण साठा ५७ ऐवजी ३५ छापला जातो. वरच्या ओळी बरोबर आणि बेरीज चूक, असा हा विचित्र तक्ता असतो. त्यावर दोन उपाय आहेत : प्रत्येक दुकानाची शेवटची नोंद वेगळी काढून मग मिळवणे, किंवा बंद दिवशीही आदल्या दिवसाचा साठा पुढे ओढून रोजची नोंद भरून ठेवणे. दुसऱ्या उपायात टेबल फुगते, पण मी तोच निवडेन, कारण त्यात सूत्र साधे राहते आणि कोणत्याही दिवसाचा साठा थेट वाचता येतो. दुकान कायमचे बंद झाल्यावर ही ओढाताण थांबवायची आठवण मात्र ठेवावी लागते, नाहीतर बंद दुकानात वर्षानुवर्षे २२ फ्रिज उभे राहतात.

कधी अखेरची नाही, तर सरासरी शिल्लक हवी असते. काळावर आकडा कसा गोळा करायचा हा निर्णय किती परिणाम करतो, हे बचत खात्याच्या व्याजात सर्वांनी पाहिलेले आहे. ३१ मार्च २०१० पर्यंत बँका महिन्याच्या १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर व्याज देत. १ एप्रिल २०१० पासून ते रोजच्या शिलकीवर मोजले जाऊ लागले. खात्यातील नोंदी त्याच, दरही तोच, तरी हाती येणारे व्याज वेगळे. क्यूबमध्येही किमान, सरासरी की अखेरची शिल्लक घ्यायची, हे प्रत्येक मेझरसाठी स्वतंत्रपणे लिहून ठेवावे लागते. सरासरी घेताना भागाकार नोंद असलेल्या दिवसांनी करायचा की कॅलेंडरच्या सर्व दिवसांनी, हेही त्यातच येते.

ग्राहकांची संख्या हा तिसराच प्रकार आहे. एप्रिलमध्ये आलेला ग्राहक मेमध्येही आला, तर तिमाहीत तो एकदाच मोजायचा असतो. महिन्यांची बेरीज करून तिमाही मिळत नाही, आणि टक्केवारीलाही हेच लागू आहे.

एका बिलाच्या अनेक तारखा

३० मार्च २०२५ ला, पाडव्याच्या मुहूर्तावर, एका ग्राहकाने फ्रिज नोंदवला. २ एप्रिलला तो घरी पोहोचला आणि त्याच दिवशी बिल झाले. हप्त्यांतले शेवटचे पैसे सप्टेंबरमध्ये जमा झाले. ही विक्री कोणत्या वर्षाची? दुकानातला विक्रेता म्हणेल २०२४-२५ ची, कारण त्याने ती पाडव्याला मिळवली; हिशेबनीस म्हणेल २०२५-२६ ची. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि क्यूबला दोघांनाही उत्तर देता आले पाहिजे. त्यासाठी तारखांची तीन वेगवेगळी टेबले बनवू नयेत, कारण सणाचा एक कॉलम एका टेबलात दुरुस्त होईल आणि दुसऱ्यात राहून जाईल. टेबल एकच ठेवून त्याला नोंदणीची तारीख, बिलाची तारीख आणि वसुलीची तारीख अशा तीन भूमिका द्याव्यात. पॉवर बीआयमध्ये यांपैकी एका वेळी एकच जोडणी सक्रिय असते आणि बाकीच्या सूत्रात बोलवाव्या लागतात. सक्रिय कोणती ठेवायची हे हिशेब विभागाला विचारून ठरवावे.

वसुली अजून झालीच नसेल, तर त्या तारखेच्या जागी काय लिहायचे? जुन्या प्रणालींत १ जानेवारी १९०० किंवा ३१ डिसेंबर ९९९९ अशी तारीख ठोकून देण्याची रीत आहे, आणि तिच्यामुळे ‘वसुलीला लागणारे सरासरी दिवस’ लाखांच्या घरात गेलेले तक्ते निघतात. त्याऐवजी तारखांच्या टेबलात दोन खास ओळी ठेवाव्यात : ‘अद्याप नाही’ आणि ‘तारीख माहीत नाही’. पहिली ओळ म्हणजे येणे बाकी आणि दुसरी म्हणजे नोंदीतली त्रुटी, आणि दोन्हींवर करायची कारवाई वेगळी असते.

दिवसाच्या आतल्या वेळेसाठी वेगळे टेबल करावे. मिनिटांच्या ओळी तारखांच्या टेबलात घातल्या, तर वर्षाला ५,२५,६०० ओळी होतात. वेगळे ठेवले, तर दिवसाच्या १,४४० ओळींत काम भागते. वेळेच्या बाबतीत खरी काळजी घ्यायची ती प्रमाणवेळेची. ऑनलाइन विक्रीच्या अनेक प्रणाली नोंदी जागतिक प्रमाणवेळेत ठेवतात, आणि ती भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे आहे. १ एप्रिलच्या पहाटे दोन वाजता झालेली मागणी तिथे ३१ मार्च, रात्री साडेआठ अशी नोंदली जाते. तारीख तशीच उचलली, तर ती मागणी चुकीच्या दिवसातच नव्हे, तर चुकीच्या आर्थिक वर्षात जाऊन बसते. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतच्या प्रत्येक नोंदीचे असेच होते. म्हणून आधी भारतीय वेळेत रूपांतर करावे आणि मगच तारीख तोडून घ्यावी. तीन पाळ्यांच्या कारखान्यात याच्या उलट, रात्रपाळीत मध्यरात्रीनंतर झालेले उत्पादन बहुधा आदल्या दिवसाच्याच खात्यात धरायचे असते; तिथे ‘कामकाजाचा दिवस’ ही घड्याळाच्या दिवसाहून निराळी तारीख नोंदीतच साठवावी लागते.

इतके झाले की आजअखेर, मागील वर्षी याच कालावधीत आणि वाढीची टक्केवारी ही गणिते प्रत्येक मेझरसाठी वेगवेगळी लिहिण्याची गरज उरत नाही. ती एकत्र करून क्यूबमध्ये आणखी एक लहान डायमेन्शन बसवतात. वाचणाऱ्याने रक्कम निवडली वा नग निवडले, तरी शेजारी तेच पर्याय मिळतात. मायक्रोसॉफ्टच्या साधनांत याची अधिकृत सोय २०१९ पासून आहे. त्यात एक अट न विसरता घालावी : चालू महिन्याच्या १८ तारखेला अहवाल काढला, तर मागील वर्षाचाही १८ तारखेपर्यंतचाच आकडा यावा. अठरा दिवसांची तीस दिवसांशी तुलना करून घाबरलेली संचालक मंडळे कमी नाहीत.

वर्षाची व्याख्याच बदलते तेव्हा

रिझर्व्ह बँकेचे हिशेबाचे वर्ष दीर्घकाळ जुलै ते जून असे होते. सरकारच्या वर्षाशी मेळ बसवण्यासाठी ते एप्रिल ते मार्च करण्यात आले, आणि त्या बदलात २०२०-२१ हे हिशेबाचे वर्ष जुलै २०२० ते मार्च २०२१ असे नऊ महिन्यांचेच राहिले. अशा वर्षाची आधीच्या किंवा नंतरच्या वर्षाशी सरळ तुलना करता येत नाही, आणि ‘वर्ष म्हणजे १२ महिने’ असे सूत्रात लिहिलेला क्यूब इथे निमूटपणे चुकतो. टेबलात मात्र याला सहज जागा मिळते : जुन्या पद्धतीचे वर्ष एका कॉलममध्ये, नव्या पद्धतीचे दुसऱ्यात, आणि प्रत्येक कालावधीतील महिने तिसऱ्यात. जुना कॉलम पुसून नवा भरण्याची घाई करू नये, कारण छापून गेलेले अहवाल जुन्या व्याख्येवर उभे असतात आणि कधी ना कधी ते पुन्हा काढून दाखवावे लागतात.

आयकराच्या अहवालांसाठी हे काम आता प्रत्येकाच्याच दारी आले आहे. आतापर्यंत २०२५-२६ मधील उत्पन्नाचे निर्धारण वर्ष २०२६-२७ असे लिहिले जात होते. आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू होताना ही दुहेरी भाषा जाऊन ‘कर वर्ष’ येते, आणि त्या तारखेपासूनच्या उत्पन्नाचे कर वर्षही २०२६-२७ असेच आहे. म्हणजे ‘२०२६-२७’ हे एकच लेबल लागोपाठच्या दोन निरनिराळ्या वर्षांवर बसते. तारखांच्या टेबलात निर्धारण वर्ष आणि कर वर्ष असे दोन वेगळे कॉलम करावेत, आणि ज्या दिवसांना जे लागू नाही ते त्या कॉलममध्ये तसे स्पष्ट लिहावे. दोन्ही एकाच कॉलममध्ये भरले, तर त्या एका ‘२०२६-२७’ खाली ७३० दिवसांचे उत्पन्न गोळा होईल.